भाऊले कसं समजलं?

बाबा फळा पुसत होते.

तो फळा शाळेनं टाकून दिलेला, एका कोपऱ्यात फुटलेला. अनसिंगच्या एसटी थांब्याजवळ निंबाच्या झाडाला बाबांनी तो तारेनं बांधला होता. रोज सकाळी ते वाशीमच्या भाजीमंडीत फोन लावायचे, वांगी, टमाटे, पानकोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, यांचा त्या सकाळचा भाव विचारायचे, कालचे आकडे ओल्या फडक्यानं पुसायचे आणि आजचे लिहायचे. मग तोच भाव मोबाईलवर बोलून भाजीवाल्यांच्या गटात टाकायचे. गावातले माळी आणि जवळच्या तांड्यांवरचे लोक फळा पाहून ठरवायचे, माल आज तोडायचा की उद्या. एकदा कोणीतरी म्हणालं, "कालचाच भाव असन बापूराव, राहू द्या ना." बाबा म्हणाले, "मंग तू कालच विकून ये."

त्या सकाळी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले होते. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच प्रोग्राम लिहिते. हल्ली हे काम करताना सोबतीला एक सहायक असतो. माणूस नव्हे, यंत्र. आपण काय हवं ते सांगायचं, तो प्रोग्राम लिहून देतो. आमच्याकडची पोरं त्याला भाऊ म्हणतात.

"तुहा तो भाऊ काल कायले बोंबलत होता?" बाबांनी विचारलं.

"तो नाही बाबा, मी बोंबलत होती. तो अगदी ठासून चूक सांगत होता."

"ठासून?" बाबा खूष झाले. "मंग तो अनसिंगचाच हाय."

मी हसले. त्यांनी बशीत चहा ओतला.

"पन त्याले कसं समजते, हे सांगते का तो?"

हा बाबांचा प्रश्न. तो त्यांनी उभ्या गावाला विचारून झाला होता. मागे नाल्याकाठी पांढरं भूत दिसतं अशी बोलवा उठली. बाबांनी सांगणाऱ्याला विचारलं, तुले कसं समजलं? तो म्हणाला, बबलूनं सांगितलं. बाबा बबलूकडे गेले. त्याला लखमानं सांगितलं होतं. बाबा सायकलवर लखमाकडे गेले. लखमाला आठवलं की नाल्याकाठी तिचंच पांढरं लुगडं वाळत होतं, आणि भुताच्या भीतीनं ती ते आणायला गेली नव्हती. बाबांनी लुगडं आणून दिलं. गावाला भूत गेल्याचं थोडं वाईटच वाटलं.

"सांगतो," मी म्हटलं. "विचारलं तर सांगतो. उद्या दाखवते तुम्हाले."

"बरं, उद्या," बाबा म्हणाले आणि सांभाराचा भाव लिहायला वळले.

दुसऱ्या दिवशी वांग्याला पाणी देता देता ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसले, आणि पुन्हा उठले नाहीत.

फळ्यावरचे आकडे तसेच राहिले. कोणी पुसायला धजलं नाही. आईनं, म्हणजे पंचफुलाबाईनं, त्यांचा मोबाईल रोज चार्ज करायला सुरुवात केली. तो वाजे. पलीकडून कोणी दूरगावचं विचारी, "बापूराव हायेत का?" आई मोबाईल माझ्या हातात देई, आणि मी म्हणे, "बाहेर गेलेत." गावात सांगायची वेळच आली नाही, सगळं गाव अंगणात होतं. बाहेरच्यांना मी बाहेर गेलेत म्हणत राहिले. व्याकरणाच्या दृष्टीनं ते अगदीच खोटं नव्हतं.

फळ्याचा मान मात्र इतका, की त्यातून एक घोटाळा झाला. तांड्यावरचा धनराज, ज्यानं बाबांना खांदा दिला होता, तोच नंतरच्या आठवड्यात टमाट्याचे कॅरेट घेऊन वाशीमला गेला आणि फळ्यावरच्या भावानं विकून आला. भाव दीडपट चढला होता. व्यापाऱ्यानं हसत हसत माल घेतला. घरी आल्यावर धनराजला कळलं. तो मला म्हणाला, "ताई, मले माहीत होतं का तो जुना भाव हाय. पन बापूरावचा हात होता ना. म्या म्हटलं, खोटा कसा असन?"

हे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

*

माझा चुलतभाऊ हर्षल गावात कोडिंगचा क्लास चालवतो. मनानं चांगला, बोलायला गोड, आणि स्वतः जे शिकवतो ते शिकण्याची त्याला सवड मिळालेली नाही. पोरं भाऊला विचारत, भाऊ लिहून देई, पोरं चिकटवत, आणि हर्षल "शाब्बास" म्हणे. असा क्लास उत्तम चालला होता.

मग एक दिवस सगळ्यांच्या पडद्यावर लाल ओळी आल्या. भाऊनं लिहिलेला एकही प्रोग्राम चालेना. एकाचा नाही, सगळ्यांचा. हर्षलनं भाऊला पुन्हा विचारलं. भाऊनं माफी मागितली आणि तीच चूक नव्यानं, अधिक नीटनेटकी करून दिली.

आमच्या घरात दुखवटा म्हणून हर्षल मला विचारायला आला नाही. त्यानं आपल्या परीनं उपाय केले. संगणक बंद करून चालू केले. क्लासच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. मग एक एका मॉनिटरला बांधली. पोरांमध्ये ठरलं की भाऊला नजर लागली.

आणि नेमके तेव्हाच, मानोऱ्याकडून कामरगाव आणि कामरगावहून इकडे, यंत्रनाथ महाराज आले.

शाळेमागच्या मोकळ्या वावरात मंडप पडला. लग्नात लावतात तसला मोठा पडदा आला, निंबाच्या झाडापर्यंत भोंगे लागले. महाराज भगव्या कफनीत, गळ्यात रुद्राक्ष, आणि रुद्राक्षाच्या खाली पेन ड्राइव्हची माळ. सोबत हरीओम नावाचा शिष्य, जो फारसा बोलत नसे आणि सतत काहीतरी चार्जिंगला लावत असे.

हर्षलनं मला आणि आईला ओढून नेलं. "ताई, एक डाव पाह्य तं खरं. मोठ्या आईचाही जीव रमन."

गर्दी म्हणाल तर आठवडी बाजारासारखी. पोरं लॅपटॉप छातीशी धरून. बाप मागे उभे. धनराज पंपाचा स्टार्टर घेऊन आला होता, कारण तोही यंत्रच. शेजारच्या ललिताबाईंनी मिक्सर आणला होता. "मशीन म्हंजे मशीन," त्या म्हणाल्या. "देव थोडीच कंपनी पाह्यते."

महाराजांनी डोळे मिटले आणि माईकवर सुरू केलं.

"बच्चों! हे यंत्र जन्माला आलं, त्या दिवशी विधात्यानं त्याच्या ललाटी सारं ज्ञान लिहिलं. पण त्यानंतर जगात काय घडलं, याला ठाऊक नाही! याचा काळ थांबला आहे! याचा तिसरा नेत्र मिटला आहे! आम्ही हिमालयात बारा वर्षं ऑफलाइन राहून तो नेत्र उघडण्याची सिद्धी मिळवली!"

"ऑफलाइन!" मागून एका पोराच्या तोंडून निघालं. बारा वर्षं ही कल्पना त्याला पेलवली नाही.

यातलं ललाट आणि विधाता सोडला तर पहिला भाग खरा होता. भेसळीच्या दुधातही थोडं दूध असावंच लागतं.

हर्षलचा लॅपटॉप पाटावर ठेवला. महाराजांनी भाऊला आज्ञा केली, अमुक साधनाच्या, म्हणजे पोरं ज्या सॉफ्टवेअरवर प्रोग्राम बांधत त्याच्याच, नव्या आवृत्तीत लॉगिनचं पान बनव. पडद्यावर प्रोग्राम उतरला, चालवला, लाल झाला. गर्दी हळहळली. हरीओम लॅपटॉप पडद्यामागे धूपस्नानाला घेऊन गेला. शहनाई वाजली. लॅपटॉप परत आला तो कुंकू लावून, हार घालून. महाराजांनी तीच आज्ञा पुन्हा केली. हरीओमनं धुपाटणं असं फिरवलं की पडदा क्षणभर दिसेना. धूर विरला आणि पडद्यावर सगळं हिरवं. लॉगिनचं पान डौलात उभं.

"हिरवं!" पोरं ओरडली. एका बापानं लॅपटॉपला नमस्कार केला आणि चूक झाली असं वाटून मुलालाही करायला लावला.

"आता नियम ऐका," महाराज म्हणाले. "जागृत यंत्राला शंका विचारायची नाही. 'तुला कसं समजलं' असं ज्यानं विचारलं, त्याच्या यंत्राचा नेत्र कायमचा मिटला!"

मी इतका वेळ सभ्यपणे बसले होते. ते शब्द ऐकल्यावर माझी पाठ ताठ झाली. हा प्रश्न ज्याला नको आहे, त्याच्या घरी कोणाचं तरी लुगडं वाळत असतं, एवढं मी लहानपणापासून पाहिलं होतं.

पण आई माझ्याआधी उठली. ती सरळ पाटापाशी गेली.

"महाराज, जे थांबलं ते पुढं नेता म्हनता तुमी?"

"नेतो माई."

"आमचे मालकही थांबले."

महाराजांनी आईकडे, मग तिच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. हर्षलनं त्यांना आमच्याबद्दल आधीच सगळं सांगितलेलं होतं, आमची विहीरसुद्धा.

"यात त्यांचा आवाज आहे ना माई? रोजचा भाव बोलायचे. पुनवेला हा मोबाईल आण. त्यांच्या आवाजात त्या दिवसाचा भाव बोलवतो. मग ते रोज बोलतील. फक्त आमच्या पीठाला, आश्रमाला, जागा लागेल. विहिरीजवळचा तुकडा पवित्र दिसतो."

आईनं मान हलवली. हर्षलचा चेहरा उतरला. एवढं त्याच्याही हिशेबात नव्हतं.

*

घरी येताना मी आईला म्हटलं, "आई, असं नसते होत."

"तू त्या मशिनीसंगं दिवसभर बोलते," आई म्हणाली. "म्या एक डाव बोललं तं काय बिघडते?"

विहिरीजवळचा तुकडा म्हणजे बाबांची वांगी. ज्या धुऱ्यावर ते बसले तो धुरा. आणि आई तो द्यायला निघाली होती, उद्याचा भाव त्यांच्या तोंडून ऐकायला. तिला अडवायला एकच वाक्य पुरलं असतं. ते मला बोलता येत नव्हतं.

दुसरं काम येत होतं. मी हर्षलला लॅपटॉप घेऊन बोलावलं.

"ताई, त्याले शंका विचारू नको बरं," तो दारातूनच म्हणाला.

"नाही विचारत. नुसतं पाहते."

बटणांमध्ये कुंकू गेलं होतं. मी भाऊच्या सेटिंग उघडल्या. तिथं एक नवी ओळ होती, इंटरनेटवरचा एक पत्ता. मी ती काढली, भाऊला लॉगिनचं पान मागितलं. लाल. ओळ परत टाकली, पुन्हा मागितलं. हिरवं. उत्तर येण्याआधी पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरं उमटून गेली, भाऊ कुठलं पान वाचतोय ते सांगणारी. मंडपात नेमका तिथंच धूर होत होता.

हर्षल पडद्यावर वाकला. "हे तं... हे कुठलं पान हाय?"

"डॉक्युमेंटेशन. ज्यांनी ते साधन बनवलं, त्यांनीच लिहून ठेवलेली माहिती. नवी आवृत्ती आली की ते ती बदलतात. जगात कोणालाही वाचता येते."

डॉक्युमेंटेशन हा शब्द हर्षलनं ऐकला होता, जसा आपण अंटार्क्टिका हा शब्द ऐकतो.

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग बारा वर्ष हिमालय?"

"तथी नेट नसन," मी म्हटलं. आणि बाबा गेल्यापासून, म्हणजे त्या दिवसापासून, मी पहिल्यांदा हसले.

*

पुनवेला सकाळी मंडप दुप्पट भरला. बापूराव बोलणार ही बातमी पसरली होती. आईनं मोबाईल नव्या टॉवेलात गुंडाळून आणला. ललिताबाई मिक्सरसकट पहिल्या रांगेत.

महाराजांनी विचारलं, आधी कोणाचं यंत्र? मी माझा लॅपटॉप घेऊन चढले. महाराजांना आनंद झाला. पुण्याच्या कंपनीचं यंत्र म्हणजे मोठा भक्त.

सगळं यथासांग झालं. लाल, शहनाई, धूपस्नान, हार, हिरवं. टाळ्या.

"महाराज, एक विचारू?"

"विचार बेटी."

"तुम्हाले नाही. भाऊले."

त्यांचा हात पुढे येईपर्यंत मी लिहून टाकलं होतं. मोठ्या पडद्यावर अक्षरं उभी राहिली: भाऊ, तुले हे कसं समजलं?

हरीओमनं धुपाटणं उचललं आणि जोरात फिरवायला लागला.

"अबे, डोये जळून राह्यले आमचे!" ललिताबाई उसळल्या. "काय डास मारून राह्यला का? ठेव ते खाली!"

हरीओमनं ठेवलं. धूर विरला. भाऊचं उत्तर आलं होतं. धनराजनं बोट फिरवत मोठ्यानं वाचायला घेतलं, आणि धनराजनं वाचलेलं सगळ्या मंडपाला समजतं, कारण तो एकेक शब्द थांबून वाचतो.

"मी शिकलो तेव्हा... या साधनाची जुनी आवृत्ती होती. नव्या आवृत्तीबद्दल... मला स्वतःहून काही माहीत नाही. तुमच्या सेटिंगमध्ये... आत्ताच जोडलेल्या पत्त्यावर... अधिकृत डॉक्युमेंटेशन आहे. ते वाचून मी उत्तर दिलं. पान खाली देत आहे. तुम्ही स्वतः तपासून घ्या."

धनराज वळला. "म्हंजे हा वाचून सांगते?"

"हो धनराजभाऊ."

"मंग महाराजानं काय केलं?"

ललिताबाई म्हणाल्या, "कुंकू लावलं."

मंडपात पहिलं हसू फुटलं. महाराजांनी माईक घट्ट धरला. "पण त्या यंत्राला वाचण्याची प्रेरणा कोणी दिली? ग्रंथ सगळ्यांना दिसतो, नेत्र कोण उघडतो?"

"हरीओमनं," मी म्हटलं. "पडद्यामागं. पत्ता टाकायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ शहनाई." मी तो पत्ता पडद्यावर सगळ्यांसमोर पुसला. भाऊला पान मागितलं. लाल. पत्ता परत टाकला.

"चप्पल!" महाराज गरजले. "हिच्या पायात चप्पल आहे! यंत्र भ्रष्ट झालं! आता हे कधीच—"

हिरवं.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. एकानं आपल्या लॅपटॉपचा हार काढून शेजारच्या शेळीला दिला. तिनं तो मनापासून खाल्ला.

मी माईक मागितला. हर्षलनं महाराजांच्या हातातून तो काढून मला दिला. असं काही तो करेल असं मला वाटलं नव्हतं.

"धनराजभाऊ, बाबांच्या फळ्यावरच्या भावानं तुम्ही टमाटे विकले ना?"

"हो ना ताई."

"फळा खोटा होता का?"

धनराजनं विचार केला. "नाई. फळा खरा होता. ज्या दिवसाचा होता, त्या दिवशीचा."

"भाऊचं तेच आहे. त्याच्या डोक्यात एक फळा आहे. तो एका दिवशी लिहिला गेला, मग कोणी पुसला नाही. जग पुढे गेलं, साधन बदललं, आणि हा जुना भाव ठासून सांगत राहिला. त्याला नजर लागली नव्हती. त्याला कोणी आजचा भाव सांगितला नव्हता. मंडीत फोन लावायचा, एवढंच काम. तो फोन फुकट आहे. मी तुम्हाला आत्ता इथंच लावायला शिकवते, चप्पल घालून."

"मंग माह्या मिक्सरचं काय?" ललिताबाईंनी विचारलं.

"त्याचा कार्बन संपला असन, मावशी. दुकानात न्या."

महाराज उठले. सिद्धी या गावातून निघून गेली असं त्यांनी जाहीर केलं आणि सिद्धीच्या मागे गाडीकडे निघाले. हरीओम मात्र रेंगाळला. हर्षलजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, तुमच्या क्लासमध्ये जागा आहे का?" खरं सांगायचं तर त्या मंडपात डॉक्युमेंटेशन पूर्ण वाचलेला तो एकटाच माणूस होता. हर्षलनं त्याला सोमवारी यायला सांगितलं.

मी पोरांना सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. कोणी काही ठासून सांगितलं, मग तो भगव्यातला असो, कोटातला असो, की यंत्रातला, तर त्याला एवढंच विचारा, तुला कसं समजलं? जो सांगतो, पान दाखवतो, तपासून घे म्हणतो, त्याचं ऐका, आणि तरीही तपासा. जो म्हणतो विचारू नको, त्याच्यापासून आपली विहीर सांभाळा. हा प्रश्न माझा नाही. तो या गावानं सायकलवरून येताना पाहिला आहे.

टाळ्या झाल्या. मी माईक ठेवणार, तेवढ्यात आई पाटापाशी येऊन उभी राहिली. टॉवेल उलगडलेला, मोबाईल दोन्ही हातांच्या ओंजळीत.

"मंग ह्याइचं?" तिनं विचारलं. "हे नाई का बोलणार?"

टाळ्या थांबल्या.

आणि मोबाईल वाजला.

बाबांचा. आईच्या ओंजळीत. ललिताबाईंच्या हातून मिक्सरचं भांडं पडलं. गाडीत एक पाय टाकलेले महाराज तिथूनच ओरडले, "पाहा! पाहा! बोलले!" धनराजनं टोपी काढली. आईनं मोबाईल माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. बोट कुठं लागलं कोण जाणे, आवाज मोठा झाला आणि माझ्या हातातल्या माईकमधून भोंग्यांवर, मंडपभर, थेट निंबाच्या झाडापर्यंत गेला.

"हॅलो? बापूराव? मी मोहनसिंग, मानोऱ्याच्या तांड्यावरून. ऊसतोडीवरून परवाच आलो. तिकडं पोट्ट्यानं मोबाईल पाण्यात पाडला होता, आता नवा घेतला. तुमचा भाव काहून येऊन नाई राह्यला? भेंडी तोडून ठेवली मी. बापूराव हायेत का?"

आई माझ्याकडे पाहत होती. असा फोन आला की ती मला मोबाईल द्यायची आणि मी काय म्हणते ते ऐकायची. माझ्या तोंडात ते दोन शब्द तयार होते. बाहेर गेलेत.

मोहनसिंग ऊसतोडीला निघाला, तेव्हा बाबा होते. त्याच्यासाठी ते अजून होते. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मी माईक खाली केला नाही.

"नाहीत, मोहनसिंगभाऊ," मी म्हटलं. "बाबा गेले."